आईचं माप

मोताळ्यातल्या निम्म्या बायकांची मापं माझ्या डोक्यात आहेत. कुणाचा उजवा खांदा उतरलाय, कुणाला बाळंतपणानंतर कमरेत किती सोडावं लागतं, कोण माप देताना श्वास रोखून पोट आत घेते, सगळं पाठ. "सैल नोको शिवू व माय, मी आता बारीक होऊन राह्यली," असं बजावून जाणारीचं मी मुकाट्याने दोन बोटं सैलच शिवते. मग तीच बाई लग्नातल्या जेवणावर ताव मारून येते आणि मला दुवा देते. पण माझ्या सख्ख्या आईचं माप माझ्याकडे नव्हतं. तिने ते कधी घेऊच दिलं नव्हतं.

"घरची म्हणते देवा देवा अन् बाहेरचीले चोळी शिवा," असं गल्लीतल्या बायका मला तोंडावर ऐकवायच्या. मी हसून सोडून द्यायचे, पण लागायचं. शहरातली माणसं माझ्या हातचे कपडे घालून फोटो पाठवतात आणि माझी आई माझ्याच दुकानासमोरून जाऊन दुसऱ्या शिंप्याकडे ब्लाऊज टाकते, हे कुणाला लागणार नाही? एकदा मी रस्त्यात अडवून विचारलं, "काऊन वं आई, माह्या हाताले काय झालं?" ती शांतपणे म्हणाली, "तुह्या हाताले कायी झालं नाई. तुह्या कापडाले झालं."

माझं कापड म्हणजे जुनं कापड. तेच सगळ्या भांडणाचं मूळ.

मी कपडे डिझाइन करते. हे पुण्यात सांगितलं की लोक "अरे वा" म्हणतात आणि मोताळ्यात सांगितलं की "म्हंजे शिलाईच ना?" म्हणतात. मी दोन्हीकडे हो म्हणते. शिकले पुण्यात. नंतर परदेशी माल पाठवणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली. तिथे कटिंगच्या टेबलाखाली रोज कोऱ्या कापडाच्या चिंध्यांचा ढीग साचायचा आणि संध्याकाळी टेम्पो भरून कचऱ्यात जायचा. आमच्याकडे कापूस वेचताना बायकांच्या बोटांना बोंडांची टोकं लागून रक्त येतं. तो ढीग पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. एक दिवस मी साहेबांना म्हटलं, "याचं कायी करता नाई येत का?" ते हसले आणि म्हणाले, "तुमची भाषा फार गोड आहे हं, अगदी गावाकडची." प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही. नोकरी मी सोडली असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे त्यानंतर मी त्यांना जे काही ऐकवलं, त्याला गोड म्हणता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी तिथे जायचा प्रश्नच उरला नाही.

परत आले आणि आठवडी बाजाराच्या गल्लीत एक गाळा घेतला. शिलाई मशिनी टाकल्या, गावातल्या दोन बायका हाताशी घेतल्या. बोहारणीकडून, म्हणजे भांडी देऊन जुने कपडे नेणारीकडून, मी जुन्या सुती साड्या घ्यायला लागले. त्या निवडायच्या, धुवायच्या, पळसाच्या फुलांत नाहीतर डाळिंबाच्या सालीत रंगवायच्या आणि त्यातून जाकिटं, कुर्ते, ओढण्या करायच्या. फाटलेली जागा लपवायची नाही, तिच्यावर उलट बारीक धावदोरा घालून ती मिरवायची. उन्हाळ्याच्या तोंडावर बुलढाण्याकडच्या डोंगरात पळस पेटला की आम्ही तिघी पोती घेऊन निघायचो. गावात बोभाटा झाला, की मास्तरीणबाईची पोरगी पुण्याले शिकून चिंध्या शिवून राह्यली. म्हणू देत. माल विकला जात होता. शहरातल्या दुकानांत माझ्या जाकिटावर 'आजीच्या लुगड्यातून' अशी चिठ्ठी लागायची. ती चिठ्ठी पाहून मला फार भारी वाटायचं.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. आता निवृत्त आहे, पण साडी अजूनही अशी नेसते, जशी काही इन्स्पेक्शन आहे. खळ घातलेली, कडक इस्त्रीची, निऱ्या मोजून घ्याव्यात अशा. नवी साडी आणली की आधी घडी उघडून नाकाशी धरते. नव्या कापडाचा वास तिला अत्तराहून प्यारा. साडीचा कडकपणा जरा उतरला की लगेच बोहारणीला. विटायची, मऊ पडायची वाट बघायची नाही. आम्हा दोघी बहिणींना लहानपणी चौदा एप्रिलच्या जयंतीला नवे कपडे, शाळा सुरू होताना नवे कपडे. माझा फ्रॉक धाकटीला कधी घातला नाही. शेजारणी म्हणायच्या, बाई उधळी आहे. मीही मोठी होऊन तिला तेच म्हणत होते, फक्त माझे शब्द शिकलेले होते.

मग धाकटीचं लग्न ठरलं. ती शेगावला एका शाळेत कारकून आहे, मुलगाही तिकडचाच, कार्यालयही तिकडचंच घेतलं. आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते. बुद्धवंदना होते, मंगलपरिणय होतो, आणि सगळ्या हॉलमध्ये ती दोघं पांढरी दिसतात. धाकटी मला म्हणाली, "ताई, माही साडी तूच करजो. दुकानातली चमचमवाली नोको मले." मला आभाळ ठेंगणं झालं. मनात म्हटलं, आता आईला नाही म्हणता येणार नाही. लेकीच्या लग्नात माझं काम सगळ्यांसमोर उभं राहील आणि आई ते बघेल.

पांढरं कापड शोधत होते तेवढ्यात बोहारीण आली आणि म्हणाली, "तुमचं नशीब निघालं ताई." तिच्या गाठोड्यात पांढऱ्या धोतरांची चळत होती. जुनी, वापरून वापरून लोण्यासारखी मऊ पडलेली, सगळी एकसारखी. मी आनंदाने उडालेच. रिठ्याच्या पाण्यात उकळली, उन्हात घातली, पुन्हा उकळली. तुकडे जोडून साडीची लांबी केली. जोडांवर पांढऱ्याच दोऱ्याने ओळीने टाके घातले आणि काठाला निळ्या सुताची एक बारीक रेघ फिरवली. माझ्या दोघी बायका म्हणाल्या, असं काम आपल्या गाळ्यात आजवर झालं नाही. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटत होतं.

रविवारी सकाळी घरी घेऊन गेले. बाबा पेपर वाचत होते, धाकटी केस पुसत होती. मी साडी पलंगावर पसरली. आई चष्मा लावून पुढे आली.

"अव माय, कसं शुभ्र आहे!" ती म्हणाली. काठ चिमटीत धरला, टाके बघितले. तिचा चेहरा खुलला. आजवर माझ्या कामाकडे बघून असा चेहरा मी पाहिला नव्हता. "कापड कुठून आनलं?"

मी फुशारकीत होते. म्हटलं, "बोहारनीनं आनलं. कोन्या तरी मोठ्या घरचा म्हातारा वारला, तर पोराईनं सगळी धोतरं एकदमच देऊन टाकली. म्हनून तर एकसारखी भेटली. नाहीतर एवढं एकसारखं कापड कोठी भेटते?"

आईच्या चिमटीतून काठ सुटला.

"मेलेल्या मानसाचं," ती म्हणाली.

"आई, दोन पान्यात उकळलं. रिठ्यात..."

"मेलेल्या मानसाचं कापड माह्या पोरीच्या लग्नात!" तिचा आवाज वर्गातल्यासारखा चढला. "तुले माहीत आहे का, माह्या आजाले गावात काय भेटे? मढ्यावरचं कापड भेटे. हक्क म्हनत त्याले, हक्क! मानूस जळायले गेला की त्याचं कापड आमच्या घरी. तेच धुवून नेसायचं. अन् तुनं ते शोधून, निवडून, निळी रेघ मारून आनलं!"

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी तिचीच लेक, जीभ आवरली तर शपथ. म्हटलं, "काळ बदलला आई. आता पुन्या-मुंबईचे लोक जुनं कापड शोधत येतात. मान आहे त्याले."

"येतीन ना. त्याईच्या अंगावर कोनी वरून टाकलं नाई कधी."

मग ती खुर्चीत बसली आणि जे सांगितलं ते आम्ही दोघींनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. रोहिणखेडला, तिच्या माहेरी, ती तिसरीत असताना माझ्या आजीला एका घरून फ्रॉक मिळाला होता. हातात दिला नव्हता, ओट्यावरून खाली टाकला होता. गुलाबी, गोल कॉलरचा. आई तो घालून ऐटीत शाळेत गेली. त्या घरची मुलगी तिच्याच वर्गात होती. तिने सगळ्यांसमोर आईच्या कॉलरला हात लावला आणि म्हणाली, हा माझा फ्रॉक आहे, हा बघा माझ्या शाईचा डाग. मास्तरसुद्धा हसले. आईने तो दिवस तसाच बसून काढला, कारण दुसरा फ्रॉक नव्हताच.

"त्या दिवशी ठरवलं," आई म्हणाली, "माह्या अंगावर अन् माह्या लेकरांच्या अंगावर दुसऱ्याचा डाग येनार नाई."

बाबांनी पेपर खाली ठेवला. आई पुन्हा बोलली, पण आता ओरडली नाही. "अन् तुले वारसा-वारसा करायची हौस आहे ना, तर आईक. आमच्या घरात माग होता. माहा आजा कापड विने. जाडंभरडं, पन नवं. इथं मोताळ्याच्या बाजारात इके. लोकाईनं त्याच्या हातचं नवं नेसलं अन् त्याच्या अंगावर उतरलेलं टाकलं. गिरन्यांच्या कापडात माग गेला. उतरलेलं तेवढं राह्यलं. यातला कोनता वारसा घ्यायचा, ते तूच ठरव बाई."

मी साडी गोळा केली आणि दार आपटून निघाले. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग नेमका कुणाचा ते कळत नव्हतं. धाकटीच्या आवाजात "ताई, ताई" एवढंच मागून ऐकू येत राहिलं.

दोन दिवसांनी आई शेगावला जाऊन दुकानातून साडी घेऊन आली. पांढरी, चंदेरी टिकल्यांची, काडी लावली तर चटकन वितळेल असल्या धाग्याची. बाबा संध्याकाळी माझ्या गाळ्यावर आले. ते एसटीत कंडक्टर होते, सगळं बोलणं तिकिटाच्या भाषेत. स्टुलावर बसून म्हणाले, "तुम्ही दोघी दोन्ही दारातून एकदम चढल्या. मी तिकीट कोनाले फाडू?" मला हसू आलं, मग रडूही आलं. ते म्हणाले, "तुही माय खोटं बोलली नाई. पन तिनं तुले नाई म्हनलं, असं मले नाई वाटत. जुन्याले नाई म्हनलं."

ते गेल्यावर मी गाळा आवरायला घेतला. समोर फळीवर 'आजीच्या लुगड्यातून' असं लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. कुणाच्या आजीच्या? मला एकीचंही नाव माहीत नव्हतं. कापड वाया जाऊ नये म्हणून मी धडपडत होते ते चूक नव्हतं, आजही मी ते चूक मानत नाही. पण कापडाला माणूस चिकटलेला असतो, हे मला आईच्या फ्रॉकने शिकवलं. चिठ्ठ्यांचा गठ्ठा मी कापड रंगवायच्या चुलीत घातला आणि त्यावर चहा ठेवला.

मग डोकं चालायला लागलं. आईच्या आजाने नवं विणलं होतं ना? मग नवंच विणायचं. आमच्या रोहिणखेडच्या मामाकडे कापूस होताच. मामा म्हणाला, "साडीले कापूस पायजे? अवं, दुकानात साड्या संपल्या का?" पण चांगलं स्वच्छ वेचलेलं पोतं भरून दिलं. त्याचं सूत एका चरखा केंद्रात कातून घेतलं. माग मात्र आमच्या भागात कुणाकडे उरला नव्हता. विचारत विचारत शेजारच्या जिल्ह्यातलं एक विणकर कुटुंब सापडलं. तिथे जोडप्यातली बाई सुताला खळ लावायची आणि नवरा मागावर बसायचा. त्यांनी सांगितलं, या सुताची साडी जड होईल. मी म्हटलं, होऊ द्या.

झाली! इतकी जड झाली, की पहिलं कापड घरात बाबांनी उचलून बघितलं आणि म्हणाले, "बेटा, याच्यात सोयाबीन भरता येईन." धाकटी हसून हसून लोळली. मीही हसले, पण लग्न जवळ येत चाललं होतं. आई स्वयंपाकघरात होती, बाहेर आली नाही. पुन्हा केंद्रात गेले, दुसऱ्यांदा बारीक सूत कातून घेतलं, पुन्हा विणकरांकडे ठाण मांडून बसले. विणकरबाई म्हणाली, "ताई, तुम्ही जा, तुमच्या बघण्याने धागा तुटतो." मी अंगणात जाऊन बसले आणि आतून मागाचा खटखट आवाज ऐकत राहिले. आईच्या आजाच्या घरातही हाच आवाज येत असेल, असं वाटून मला फार बरं वाटलं.

दुसरी साडी साधीच होती. शुभ्रसुद्धा नाही, कापसाच्या रंगाची. काठाला तीच निळी रेघ, पण आता विणलेली, वरून मारलेली नाही. घरी नेली तेव्हा आईसमोर नुसती ठेवली. या खेपेला फुशारकी मारायची हिंमत नव्हती. आईने घडी उघडली आणि नाकाशी धरली. बराच वेळ धरून ठेवली.

"नवी आहे?"

"हाव. मामाच्या वावरातला कापूस."

तिने काठ उलटा करून पाहिला, धागा ओढून पाहिला, जशी मुलांची वही तपासावी. मग म्हणाली, "जड आहे." एवढंच. चांगली, वाईट, काही नाही. पण लग्नाच्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा आई साडीवर पाणी शिंपडून इस्त्री फिरवत होती आणि धाकटीला दटावत होती, "सरळ उभी राह्यजो, हे कापड वाकडं उभं राह्यलेलं दाखवते." धाकटी त्याच साडीत वंदनेला उभी राहिली. टिकल्यांची साडी जेवणाच्या वेळी नेसली, म्हणजे दोघींचं मन राहिलं. सासरच्या एका बाईने विचारलं, "कोनत्या दुकानातून घेतली?" आई पटकन म्हणाली, "घरची आहे." ते ऐकून मी पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर पळाले.

तरीही आई पुढच्या महिन्यात ब्लाऊज दुसऱ्या शिंप्याकडेच टाकायला गेली. माझ्या गाळ्यावरून जाताना हातातली पिशवी तिने दुसऱ्या हातात घेतली, म्हणजे मला दिसू नये. दिसली की!

माझं काम मात्र बदललं. बोहारणीचं कापड घेणं बंद केलं. आता दोनच तऱ्हा. एक तर आमच्याच भागातल्या कापसाचं नवं कापड, असं की दहा वर्षं वापरलं तरी जीव सोडू नये. नाहीतर माणसाने स्वतः आणलेलं स्वतःच्या घरचं जुनं. कुणी बाई बापाचं उपरणं घेऊन येते, कुणी शेजारच्या गावातून आईचं लुगडं. मी आधी बसवते, चहा देते आणि विचारते, हे कुणाचं? मग त्या सांगत बसतात. शहरातली काही दुकानं तुटली, कारण आता माल कमी निघतो. तुटू देत. चिठ्ठी अजून लागते, पण तिच्यावर जे लिहिलेलं असतं ते खरं असतं.

धाकटी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आईचं एकच चाललं होतं, हे आणा, ते आणा, डिंक, खोबरं, शेगडी. आणि एक दिवस घरातून कपाटांची दारं आपटल्याचा आवाज यायला लागला. मी जेवायला गेले होते. पाहते तर पलंगावर साड्यांचा डोंगर आणि आई मध्ये घामाघूम.

"काय शोधून राह्यली?"

"बाळाले कापड," ती वैतागून म्हणाली. "जुनं, मऊ, सुती. दुपट्याले, बाळुत्याले. नवं नाई चालत व लेकराच्या अंगाले."

मी मुद्दाम म्हटलं, "तू कधीपासून असं मानायला लागली?"

"मानायचं काय त्यात? अंधश्रद्धा नाई ते. नव्याची खळ टोचते कोवळ्या अंगाले. तुम्ही दोघी जुन्यातच गुंडाळल्या होत्या, माह्या आईनं तिच्या लुगड्याचे तुकडे देल्ते." आणि ती एकदम थांबली. तिच्याच ते ध्यानात आलं असावं. आयुष्यभर तिने घरात काही जुनं होऊच दिलं नव्हतं. डोंगरभर साड्या होत्या आणि त्यातली एकही बाळाच्या अंगाला लावण्यासारखी नव्हती. काही कडक, काही चकचकीत, काही वितळणाऱ्या.

हसू फुटत होतं, पण आईचं तोंड बघून मी आवरलं. तिचे डोळे भरले होते. "तुह्या गाळ्यात तर जुन्याचे गठ्ठे आहेत," ती हळू म्हणाली. मी म्हटलं, "आहेत. पन ते लोकाईच्या घरचे आहेत आई, तुलेच नाई चालनार." ती म्हणाली, "नाईच चालनार."

तेवढ्यात धाकटी पोट सावरत आतल्या खोलीतून आली. तिच्या हातात तिची लग्नाची साडी होती. माझी साडी. पण ती आता ओळखू येत नव्हती. लग्नानंतर तिने ती पेटीत ठेवलीच नव्हती. शाळेत नेसली, बाजारात नेसली, उन्हाळ्यात तर रोजच, कारण तिला तिच्यात गार वाटायचं. धुवून धुवून सगळा जडपणा गेला होता. "हे घ्या," ती म्हणाली, "माही आहे, घरची आहे अन् जुनी पन झाली."

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, आणि त्याची बाळुती? मी म्हटलं, "अवं, लग्नाची साडी आहे ते!" आईने ती हातात घेतली. मग तिने साडीचं टोक गालाला लावलं. नाकाला नाही, गालाला. ती म्हणाली, "कैची दे."

मी कैची दिली. आईने काठाला एक छोटा काप दिला आणि दोन्ही हातांनी फाडलं. सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जातं. तो आवाज खोलीभर झाला. आई फाडत गेली, धाकटी घड्या घालत गेली आणि मी कडा दुमडून टाके घालायला बसले. त्या दुपारी आम्ही तिघी मायलेकी पहिल्यांदा एका कापडावर बसलो होतो. बाबा दारातून डोकावले आणि म्हणाले, "गाडी लागली वाटते स्टँडले."

मुलगी झाली. आईनेच तिला त्या दुपट्यात घेतलं. निळी रेघ बरोबर तिच्या हनुवटीखाली आली होती.

धाकटी बाळाला घेऊन सासरी गेली, त्यानंतर एका सकाळी मी नुकताच गाळा उघडला होता. दोघी बायका यायच्या होत्या. आई आत आली. माझ्या गाळ्यात ती आजवर उंबऱ्याच्या आत आलीच नव्हती. कडक इस्त्रीच्या साडीत, हातात एक पिशवी. तिने पिशवीतून त्याच साडीतलं, बाळाच्या उशाशी असायचं ते उरलेलं कापड काढलं, पदराकडचा तुकडा होता, धुतलेला, घडी केलेला.

"याच्यात मले एक ब्लाऊज होईन का?"

मला आधी नीट ऐकू आलं यावर विश्वास बसेना. म्हटलं, "आई, जुनं आहे ते."

"मले माहीत आहे जुनं आहे. मास्तरीन मी होती, तू नोको शिकवू." मग कापडावरून हात फिरवत म्हणाली, "याच्यावर डाग आहे बघ, काजळाचा. आपल्या नातीचा आहे. तो राहू देजो, काढू नोको."

मी गळ्यातला टेप काढला. आई हात बाजूला पसरून उभी राहिली, मान ताठ, नजर समोर, जशी प्रार्थनेला उभी राहायची. खांदा घेतला, बाही घेतली. तिचा डावा खांदा उतरलेला आहे हे मला तेव्हा कळलं, इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. छातीचं माप घेताना ती म्हणाली, "सैल नोको शिवू बरं." मी हो म्हटलं आणि दोन बोटं सैलच धरलं. काय करणार, डोळ्यांतल्या पाण्याने टेपवरचे आकडे दिसतच नव्हते.